डबल बेल

माझे वडील बस चालवायचे आणि आई त्याच बसवर कंडक्टर होती. नवरा-बायको एकाच गाडीवर म्हटल्यावर डेपोतल्या लोकांनी आधी नाकं मुरडली, मग थट्टा केली आणि शेवटी नाद सोडला. लोकांना वाटायचं, काय मजा असेल, दिवसभर बरोबर! कसली बरोबर? ड्रायव्हरच्या पाठीमागे पत्र्याची आडभिंत, तिला वीतभर जाळीची खिडकी, ती धुळीने कायमची बुजलेली. बाबा पुढे रस्त्याकडे तोंड करून, आई मागे गर्दीत. सगळ्या नोकरीत दोघं एकमेकांशी बोलली ती फक्त घंटीने. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. सिंगल आणि डबल, संपला संसार.

घरीसुद्धा तेच. बाबांच्या ताटात वाढताना आई विचारायची नाही. ते बोटाने टेबलावर एकदा टिचकी मारायचे, म्हणजे बास. दोनदा मारली की अजून वाढ. ती त्यांना 'अहो ड्रायव्हर' म्हणायची, ते तिला 'कंडक्टर'. मला या प्रकाराचा लहानपणापासून वैताग होता. माणसांना देवाने जीभ दिलीय, तर बोला ना! पण पालथ्या घड्यावर पाणी.

आमच्या घरात एक गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की पाहुणेसुद्धा आता मध्येच शेवट सांगून टाकतात. एका थांब्यावर एक म्हातारा शिवणयंत्र घेऊन उतरत होता. त्याला ते पेलेना म्हणून आई त्याच्याबरोबर खाली उतरली, यंत्र नीट रस्त्याच्या कडेला ठेवलं, आणि सवयीने दारातून हात आत घालून दोरी दोनदा ओढली. आपण स्वतः अजून खालीच आहोत हे तिच्या ध्यानातच नाही. गाडी सुटली. आतले लोक ओरडले, पत्रा बडवला, बाबा ढिम्म. ओरडणं म्हणजे काही बेल नव्हे. दोरी ओढायची कुणाची छाती नव्हती, कारण आईच्या दोरीला हात लावला तर ती तिकिटासकट खाली उतरवायची. सिंगल येईना म्हणून बाबा एकाही थांब्यावर थांबले नाहीत, सगळी गाडी भरलेली तशी डेपोत नेऊन उभी केली. आई मागून भाजीच्या टेम्पोतून आली, आणि डेपोच्या फाटकापासूनच सुरू झाली.

"नवरा आहे का इंजिन? बायको मागे राहिली ते कळत नाही?"

"तूच डबल दिलीस," बाबा म्हणाले.

ती टेम्पोवाल्याला पैसे द्यायला वळली, वाद तसाच सोडून. आयुष्यात तेवढं एकदाच.

त्यांच्या गाडीचा शेवटचा थांबा डोंगराच्या पायथ्याशी होता. पाठीवर पिशव्या घेतलेले लोक तिथे उतरायचे, वर सुळक्यावर जायचे, आणि संध्याकाळी लालबुंद तोंडांनी परत येऊन सगळ्या गाडीला ऐकवत बसायचे, काय दिसतं म्हणून सांगू वरून! आईबाबांना तिथे चहापुरताच वेळ मिळायचा. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून काचेतून तो सुळका बघत राहायचे. आईला कुणी विचारलं, तुम्ही गेलाय का वर, तर म्हणायची, "दुरून डोंगर साजरे. पुढे सरका, मागे जागा आहे."

निवृत्त झाल्यावर जाऊ, असं बाबा म्हणत राहिले. निवृत्त झाले तर आईचं दुखणं निघालं. हृदयाची झडप गळत होती. जिने चढताना ती कठड्याला धरून उभी राहायची आणि कुणी बघितलं की चप्पल नीट करतेय असं दाखवायची. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि आम्हा तिघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं की वय आणि हृदयाची अवस्था पाहता खात्री देता येत नाही. तोवर चढ चढायचा नाही, जिनासुद्धा टाळायचा.

घरी येऊन आईने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी सुळक्यावर जाऊन येऊ."

मी ओरडले. चांगली ओरडले, शेजारच्या काकू दारात आल्या. काही उपयोग झाला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते बहुधा आमच्या आईला बघून म्हटलं असावं. रात्री भांडी विसळताना तिने मला तेवढं कारण सांगितलं.

"हे बघ, मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले तर ठीकच. नाही उठले तर हा माणूस कधी जाईल का वर? दाराबाहेर पडणार नाही हा. खुर्चीत बसून राहील. मी ओळखून आहे त्याला."

"म्हणून तू मरायला वर जाणार?"

"मरायला कशाला? सावकाश जाईन की. मला तिथे काही बघायचं नाहीये. त्याला बघायचंय."

बाबा काही दिवस नाहीच म्हणत होते. मग आईने सांगून टाकलं, डोंगर नाही तर ऑपरेशनही नाही. वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. शेवटी बाबांनी मान डोलावली, पण एका अटीवर. त्यांची जुनी गाडी भंगारात गेली तेव्हा वर्कशॉपमधल्या फिटरने तिची पितळी घंटी काढून आईला दिली होती. ती आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची. बाबांनी ती खाली काढली, फडक्याने पुसली आणि तिच्यासमोर ठेवली.

"ही बरोबर घ्यायची. सिंगल आली की जिथे असू तिथून मागे फिरायचं. वाद नाही. कबूल?"

"कबूल," आई म्हणाली.

"खोटी डबल नाही द्यायची."

आईला राग आला. "मी कधी दिलीय?"

आणि ते खरं होतं. उतारू चढायचा असताना, म्हातारं माणूस उभं असताना, दार अर्धवट उघडं असताना तिने कधीच डबल दिली नव्हती. त्या एका भरवशावर बाबा तयार झाले, आणि खरं सांगते, मीसुद्धा.

आम्ही सकाळच्या पहिल्या बसने गेलो. गाडी नवीन, घंटीच्या जागी बटण. कंडक्टर पोरगेलासा होता, त्याने आईला ओळखलं नाही, तिकीट काढायला लावलं. आई खूश झाली, म्हणाली, कामात चोख आहे.

वाट सुरुवातीलाच अंगावर आली. नुसते दगड, मध्ये काटेरी झुडपं, कुठे पायऱ्या कोरल्यासारखं काहीतरी, आणि वळणांवर वळणं, त्यामुळे पुढचा मागच्याला आणि मागचा पुढच्याला दिसत नाही. ठरल्याप्रमाणे बाबा सगळ्यांत पुढे निघाले, मी मध्ये, आई मागे. मी म्हटलं, तू मध्ये चल. ती म्हणाली, कंडक्टर मध्ये नसतो. घंटी तिने पिशवीच्या पट्ट्याला बांधली होती आणि दोरी बोटाला गुंडाळली होती.

मी चष्म्यांच्या दुकानात काचा घासते. बारीक बघायची सवय आहे, ती इथे नको तेव्हा उपयोगी पडत होती. आईच्या ओठांचा रंग बदलत होता. चार पावलांनंतर ती थांबायची, श्वास घ्यायची, पण तोंडाने नाही, नाकाने, म्हणजे आवाज होऊ नये. मी सारखी वळून बघत होते.

"तू काय इन्स्पेक्टर आहेस? तिकीट दाखवू?" ती म्हणाली.

बाबा प्रत्येक वळणापलीकडे जाऊन थांबायचे. मागे बघायचे नाहीत. काठी टेकून, मान सरळ ठेवून उभे राहायचे. मग मागून टण, टण. की निघाले. मला वाटलं होतं, ते काळजीने मागे येतील, हात देतील, काहीतरी म्हणतील. काही नाही. पण त्यांच्या चालीत काहीतरी वेगळं होतं. म्हाताऱ्या गुडघ्यांनी ते चढत होते ते एखाद्या मुलाला जत्रेला नेतात तसे. घाई होती आणि घाई लपवायची होती. सरळ टप्पा लागला की आई ते मागून बघत होती. तिला काय हवं होतं ते तिला तिथेच मिळत होतं, असं आता वाटतं.

अर्ध्याहून वर गेल्यावर कडा लागला. तिथे लोखंडी साखळ्या लावल्या होत्या, धरून चढायचं. साखळ्यांच्या खाली एक सपाट दगड होता. बाबा आधीच साखळीवरून वर जाऊन वळणाआड गेले होते. आईने दगडाला हात टेकला, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि माझ्या हातात दिली.

"तुझ्या बापाची बाटली माझ्याकडेच राहिली. जा, नेऊन दे. उन्हात चक्कर यायची त्याला."

"तू?"

"मी येतेय मागून. आणि आता त्याच्याबरोबरच राहा. तू मागे बघतेस म्हणून माझा पाय अडखळतो."

मी म्हटलं, "आई, बरी आहेस ना?"

"बरी नसते तर एक वाजवली असती," ती म्हणाली. कपाळावरचा घाम पदराने टिपला, आणि माझ्याकडे बघून हसली. "जा. गाडीला उशीर होतोय."

मी साखळी धरून वर गेले. बाबा दोन वळणं पुढे उभे होते. मी बाटली पुढे केली तर त्यांनी आपल्या कमरेला लटकलेली दाखवली.

"माझी आहे की माझ्याकडे."

"मग ही?"

"तिचीच असणार. वेंधळी झालीय अलीकडे."

मी म्हटलं, मी खाली जाते. पाऊल मागे टाकलंच होतं, तेवढ्यात खालून घंटी आली. टण, टण. स्वच्छ, ठणठणीत, जशी ती भर गर्दीत द्यायची तशी.

"बघ," बाबा म्हणाले. "येतेय."

आणि मी थांबले. मला आता कुणीही सांगावं, उतरून बघायला काय झालं होतं? चार पावलांचं काम. पण मीही त्याच घरात वाढलेली. ज्या घरात डबल म्हणजे डबल, तिथे परत विचारणं म्हणजे आईला खोटं पाडणं. त्या घंटीचा मला जन्मभर वैताग होता, आणि ऐन वेळेला मी तिच्यावरच विश्वास ठेवला.

पुढच्या वळणावर बाबा परत थांबले. टण, टण. त्याच्या पुढच्या वळणावरही. आवाज लहान होत चालला होता. मी तसं म्हटलं. "वारं फिरलंय," बाबा म्हणाले. वारं खरंच फिरलं होतं.

मग एकदम वाट संपली आणि पुढे काहीच नव्हतं, नुसतं आकाश. सुळक्याच्या माथ्यावर खोलीएवढी सपाट जागा होती, कडेने लोखंडी कठडा. बाबा कठड्यापाशी गेले आणि दोन्ही हातांनी तो धरला. खाली सगळं पसरलेलं. तळं, त्याच्यावर ढगाची सावली सरकत होती. शेतांचे तुकडे. लांब आमचं शहर, डेपोचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं. आणि त्या छपरापासून डोंगराच्या पायापर्यंत वळणं घेत आलेला रस्ता, त्यावर एक बस, काडेपेटीएवढी.

बाबांनी त्या रस्त्याकडे बोट केलं.

"एवढाच होता होय?" ते म्हणाले. "मला केवढा वाटायचा."

त्यांचे डोळे भरले होते. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. मग ते हसायला लागले, मला एकेक थांबा दाखवायला लागले, इथे पंक्चर झालं होतं, इथे म्हाताऱ्याचं शिवणयंत्र. एरवी दिवसभरात चार वाक्यं न बोलणारा माणूस, तोंड थांबेना. कठड्याजवळ बसण्यासारखा एक दगड होता. त्यांनी रुमालाने तो पुसला, वरचे खडे झटकले, रुमाल घडी करून त्यावर ठेवला.

"कंडक्टरला इथे बसवू. इथून डेपो सरळ दिसतो."

आम्ही वाट बघत राहिलो. मी उकडलेली अंडी सोललीसुद्धा, मीठ लावलं, कागदावर ठेवली. घंटी आली नाही. बाबा वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, मान सरळ, कान मागे. मी म्हटलं, मी जाते. ते म्हणाले, साखळीवर असेल, दोन्ही हात गुंतलेले असतात, वाजवणार कशाने?

तेवढ्यात एक तरुण जोडपं वर आलं, धापा टाकत. ती मुलगी बाबांना बघून थबकली.

"काका, तुम्ही ड्रायव्हर का?"

बाबांनी मान डोलावली.

"खाली साखळ्यांपाशी मावशी बसल्यात. त्यांनी निरोप दिलाय, ड्रायव्हरना सांगा, सावकाश बघा, घाई करू नका."

"बसल्यात?" मी म्हटलं. "कधीपासून?"

"आम्ही आलो तेव्हा बसलेल्याच होत्या. घंटी वाजवत होत्या मध्ये मध्ये. मी म्हटलं, कुणाला बोलावू का, तर म्हणाल्या, नको गं, गाडी वेळेवर पोचू दे. आम्हाला वाटलं, दमल्या असतील. थोडा वेळ थांबलो, पण त्या जा जा म्हणून मागेच लागल्या." मुलीने माझा चेहरा बघितला आणि तिचा आवाज बारीक झाला. "नव्हतं का जायचं आम्ही?"

बाबा हळूच म्हणाले, "खोटी डबल दिली तिनं."

त्यानंतर त्यांनी त्या देखाव्याकडे एकदाही पाहिलं नाही. रुमाल तिथेच राहिला. आम्ही कसे उतरलो मला नीट आठवत नाही. साखळीवर बाबांचे दोन्ही तळहात सोलून निघाले, ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं.

आई त्या सपाट दगडावर बसली होती. पाठ कड्याला टेकलेली, पाय पुढे, चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. मान वरच्या वाटेकडे वळलेली. दोरी बोटालाच होती. मी तिचा हात हातात घेतला आणि मला कळलं. तिचे ओठ कोरडे पडलेले होते आणि तिची पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती.

मी रडायच्या आधी चिडले. दोघांवर. हिने एकदा वाजवायचं होतं, फक्त एकदा. आणि याने जन्मात एकदा मान वळवायची होती. एवढंही का जमू नये माणसांना? मी हे सगळं मोठ्याने बोलले असणार, कारण मागे उभं राहिलेलं ते जोडपं खाली बघायला लागलं.

बाबा तिच्या शेजारी दगडावर बसले. तिच्याकडे न बघता, समोर बघत. सवयच ती.

"खोटी डबल नाही, हा नियम तुझाच ना?" ते तिला म्हणाले. "मग? आता मी कुणाच्या जोरावर गाडी चालवू?"

जोडप्यातला मुलगा धावत खाली गेला आणि पायथ्याच्या वनखात्याच्या चौकीतले चौघं स्ट्रेचर घेऊन वर आले. त्यांनी तिला पट्ट्यांनी बांधलं, तोंडावर चादर घेतली. वाट अरुंद, वळणं आंधळी. पुढच्या दोघांना मागचे दिसत नव्हते. पहिल्याच वळणावर मागच्याचा पाय घसरला, तो "थांबा थांबा" ओरडला आणि पुढचे तसेच ओढत निघाले. स्ट्रेचर कलंडलं. मी किंचाळले.

तेव्हा बाबांनी तिच्या पट्ट्याची घंटी सोडवून घेतली. पुढच्या दोघांना म्हणाले, "एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. मी मागे राहतो."

आयुष्यभर पुढे बसलेला माणूस सगळ्यांत मागे गेला. त्या सबंध उतारावर तेच बघत होते, कुणाचा पाय कुठे, पट्टा कुठे सैल, दगड कुठला हलतो. टण. सगळे थांबायचे. मागच्याला पाऊल नीट मिळालं, खांदा बदलून झाला, की टण, टण. एकदाही चुकले नाहीत. एकदाही आधी दिली नाही. मी मध्ये चालत होते आणि प्रत्येक बेलला माझ्या अंगावर काटा येत होता, कारण कानांना ती आईच वाटायची.

शेवटच्या थांब्यावर रुग्णवाहिका उभी होती, तिच्या मागे आमची बस. सकाळच्या त्या पोरगेल्या कंडक्टरने टोपी काढली. आईला आत ठेवलं, मी तिच्याजवळ बसले. बाबा सवयीने पुढे गेले, ड्रायव्हरच्या शेजारी बसले. घंटी त्यांच्या मांडीवर. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर वयाने लहान, पण समंजस होता. त्याने किल्ली फिरवली आणि विचारलं, "काका, निघू?"

दोरी त्यांच्या हातात होती आणि हात हलत नव्हता. ड्रायव्हरने परत विचारलं.

"थांब," बाबा म्हणाले. "कंडक्टर चढली का बघू दे."

आणि ते वळले. कंबरेपासून पूर्ण मागे वळले, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या छोट्या खिडकीच्या काचेला तोंड लावलं, आणि बघत राहिले. चादरीकडे, तिच्या पायांकडे, माझ्याकडे. इंजिन चालूच होतं. मागे बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही. त्यांच्याने डबल देववेना, हे मला दिसत होतं. ती दिली की गाडी निघणार होती.

मी काच सरकवली, हात पुढे घातला आणि त्यांच्या मुठीतून दोरी सोडवून घेतली. त्यांनी सोडली. मग मी ती दोनदा ओढली.